जीर्णोद्धार एका मोटारीचा

जीर्णोद्धार हा शब्द आपल्या घरांत आजवर बहुधा देवळांच्या संबंधांतच ऐकूं येत असे. गाभाऱ्यांतील मूर्ति तशीच ठेवावयाची, शिखराला चुना द्यावयाचा, कुजलेलें आढें बदलावयाचें आणि सभामंडपांत विजेचे दिवे लावावयाचे, हा क्रम आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. मूर्ति कां बदलली नाहीं असें कोणी विचारीत नाहीं, आणि दिवे कां लावले असेंही कोणी विचारीत नाहीं. कोणत्या वस्तूला हात लावावयाचा नाहीं व कोणती बदलली तरी चालते, याचा एक अलिखित निवाडा पिढ्यान्‌पिढ्या आपल्या मनांत ठरून गेलेला असतो. परंतु हाच प्रश्न एखाद्या यंत्राविषयीं उत्पन्न झाला म्हणजे भल्याभल्यांची बुद्धि गोंधळते. गेलीं तीन वर्षें आमच्या कर्जतच्या घरांत रात्रीं जेवणें आटोपल्यावर ओटीवर या प्रश्नाचा खल चालत असे, आणि त्या वादाचें निमित्त होती एक मोटारगाडी.

गाडी साधीसुधी नव्हे. एम. जी. कंपनीची, टी. सी. या नांवाची, दोन माणसांपुरती, उघडी, शर्यतीच्या घाटाची ती गाडी. इंग्लंडांत टेम्स नदीच्या कांठीं ॲबिंग्डन म्हणून गांव आहे. तेथील कारखान्यांत १९४५ पासून १९४९ पर्यंत अशा सुमारें दहा हजार गाड्या तयार झाल्या. लांबट नाक, एकोणीस इंचांचीं तारांचीं चाकें, आडवी निजवितां येणारी समोरची कांच आणि पाठीवर बांधल्यासारखी दिसणारी पेट्रोलची टांकी, असें तिचें रूप आहे. एंजिन साडेबाराशें सी. सी. चें, शक्ति अवघी चौपन्न घोड्यांची, आणि वेग सपाटीवर ताशीं पाऊणशें मैल. आजची लहानशी घरगुती गाडीही तिला सहज मागें टाकील. तथापि ज्यानें एकदां तिचें चक्र हातीं धरलें त्याला इतर गाड्या पलंगासारख्या वाटूं लागतात. तिच्या बांधणींत एक गंमत आहे. एंजिनाचे फेरे मोजणारें घड्याळ हांकणाऱ्याच्या समोर, आणि वेग दाखविणारें घड्याळ शेजारीं बसणाऱ्याच्या समोर! म्हणजे गाडी नवऱ्यानें हांकावयाची व ती किती जोरानें हांकली जात आहे हें बायकोनें पहावयाचें. या व्यवस्थेमुळें आमच्या घराण्यांतील कित्येक अपघात टळले, असें आमच्या काकूंचें ठाम मत आहे.

आमची गाडी १९४८ सालची. आमचे आजोबा, ज्यांना घरांत सर्वजण अण्णा म्हणत, त्या वेळीं मुंबईस एका सॉलिसिटरच्या कचेरींत होते. शनिवारीं कचेरी सुटली कीं ते या गाडींतून निघत, आणि पनवेल व चौक मागें टाकून दिवेलागणीच्या आंत दहिवलीच्या वाड्यांत पोंचत. पुढें देशाचें धोरण पालटलें. १९५३ सालच्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर परदेशी मोटारी येथें आणून नुसत्या जोडण्याचा धंदा आवरला. शिवडी येथें १९२८ पासून चाललेला जनरल मोटर्सचा कारखाना १९५४ त बंद झाला. देशी कारखान्यांना पाय रोवतां यावे म्हणून केलेली ती योजना होती. परंतु ज्यांच्या दारीं परदेशी गाडी उभी होती त्यांचा सुट्या भागांचा झरा आटला. तेव्हांपासून आपल्याकडील मिस्त्री लोकांनीं जी करामत केली तिची बखर कोणी तरी लिहावयास हवी. अँबॅसडरचें १४८९ सी. सी. चें एंजिन आणि टी. सी. नंतर निघालेल्या एम. जी. ए. गाडीचें पहिलें एंजिन हीं एकाच कुळांतलीं असल्यामुळें अँबॅसडरचें काळीज काढून एखाद्या एम. जी. त बसविणें हा प्रकार तर चुलतभावाला दत्तक घेण्यासारखा मानला जाई. आमच्या गाडीवर तो प्रसंग आला नाहीं. मात्र तिचे जुळे कार्ब्युरेटर झिजल्यावर १९७४ च्या सुमारास घरींच घडविलेल्या नळीवर फियाट गाडीचा एकच कार्ब्युरेटर बसला, आणि तेवढ्यावर तिनें पुढें दहा-बारा वर्षें काढलीं.

नंतर ती मागच्या पडवींत जाऊन बसली. तिच्यावर भाताच्या पेंढ्या रचल्या गेल्या, मांजरी तिच्यांत व्याल्या. २६ जुलै २००५ च्या महापुरांत उल्हास नदीचें पाणी पडवींत शिरलें व गाडीच्या बैठकीपर्यंत चढलें. पाणी ओसरल्यावर जो गाळ राहिला तो काढण्याचें कोणाच्याही मनांत आलें नाहीं. कारण त्या वर्षीं माणसांचेंच इतकें वाहून गेलें होतें कीं मोटारीचें दुःख करणें शोभलें नसतें. पुढें १५ जुलै २०२१ रोजीं केंद्र सरकारनें पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांविषयीं निराळे नियम जाहीर केले. अशा गाड्यांच्या नव्या नोंदणीला ‘व्ही. ए.’ या अक्षरांची मालिका मिळाली. आधीं नोंदलेल्या गाड्यांना जुना क्रमांक ठेवण्याची मुभा मिळाली. नोंदणीची मुदत दहा वर्षें ठरली. गाडी रोजच्या कामाला किंवा धंद्याला वापरावयाची नाहीं. प्रदर्शन, संशोधन, जुन्या गाड्यांची मिरवणूक, पेट्रोल भरणें आणि दुरुस्ती एवढ्यासाठींच ती रस्त्यावर आणावयाची. आणि मुख्य अट अशी कीं तिचा सांगाडा, तिचें अंग व तिचें एंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. हें वर्तमान वाचून आमचे चुलते नाना, जे आज सत्त्याऐंशीव्या वर्षांत आहेत, एकाएकीं उठले, काठी घेऊन पडवींत गेले आणि त्यांनीं स्वतःच्या हातानें पहिली पेंढी खालीं ओढली.

येथून घरांत दोन पक्ष पडले. नाना हे जुन्या पक्षाचे अध्वर्यु. “गाडींतला एक स्क्रू जरी बदललात तरी ती अण्णांची गाडी राहणार नाहीं,” असें त्यांचें म्हणणें. नव्या पक्षाचा पुढारी आमचा पुतण्या. तो पिंपरी-चिंचवडकडे मोटारींच्या कारखान्यांत इंजिनिअर आहे व शनिवार-रविवारीं घरीं येतो. त्यानें कागदावर यादीच करून आणली: जपानी बनावटीची पांच गिअरांची पेटी, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, इलेक्ट्रॉनिक इग्निशन, रेडिएटरला विजेचा पंखा, आणि फोन भारित करण्याची सोय. नानांनीं यादी वाचली व शांतपणें विचारलें, “मग ही गाडी तरी कशाला हवी? नवीच घे कीं.” त्यावर पुतण्यानें जें उत्तर दिलें त्यानें आम्ही सर्वच क्षणभर निरुत्तर झालों. तो म्हणाला, “नानाआजोबा, अण्णांनीं १९४८ सालीं जुनी गाडी घेतली नव्हती, त्या वेळची नव्यांतली नवी घेतली होती. अण्णा आज असते तर पहिला बदल त्यांनींच केला असता.”

दोन्ही बोलणीं खरीं, आणि म्हणूनच वाद मिटेना. आमच्या भोंवतालचा मुलूख तरी यासंबंधीं काय सांगतो हें आम्ही पाहूं लागलों. नेरळ-माथेरानची आगगाडी आमच्याच तालुक्यांतली. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यानें ती १९०७ सालीं सुरू केली. जर्मनींतून आणलेलीं वाफेचीं एंजिनें तिला होतीं. आज तीं जाऊन डिझेलचीं आलीं आहेत. परंतु रूळ दोन फुटांचेच, वळणें तींच आणि डोंगरही तोच. त्यामुळें त्या गाडींत बसणारा मनुष्य आपण माथेरानच्या गाडींतच बसलों असें समजतो. उलट बोरघाटांतला ब्रिटिश अमदानींतला अमृतांजन पूल घ्या. १८३० सालचा म्हणून तो ओळखला जाई. त्याच्या खांबांमुळें द्रुतगती मार्गावर वाहतूक अडे व अपघात होत. म्हणून एप्रिल २०२० मध्यें, रस्ते ओस असतांना, तो सुरुंग लावून पाडला. आम्हांला हळहळ वाटली. पण जें पाडलें तें अन्यायानें पाडलें असें म्हणवेना. जुन्याचा मान मोठा खरा, परंतु वाटसरूच्या जिवाहून मोठा नव्हे.

पुस्तकांकडे वळलों तेव्हां आणखी एक आधार सांपडला. १९६४ सालीं व्हेनिस शहरीं जुन्या वास्तूंचे जाणकार जमले होते; त्यांनीं केलेली सनद आजही प्रमाण मानतात. तिच्यांतील दोन कलमें आम्हांला फार पटलीं. एक असें कीं, नवीन घातलेला भाग एकंदर रूपाशीं जुळावा, पण नीट पाहणाऱ्यास तो नवा आहे हें कळावें, म्हणजे इतिहासाची फसवणूक होत नाहीं. दुसरें असें कीं, वास्तूवर निरनिराळ्या काळांनीं उमटविलेल्या योग्य खुणांचा मान राखावा. केवळ पहिल्या दिवसाचें रूप आणण्यासाठीं मधलीं शतकें खरवडून टाकूं नयेत. जुन्या मोटारींच्या जागतिक संघटनेनेंही पुढें तुरीन येथील आपल्या सनदेंत हीच वाट धरली आहे.

पहिली कसोटी लांकडावर झाली. टी. सी. चा खालचा सांगाडा पोलादी असला तरी अंगाचा पिंजरा लांकडी आहे व त्यावर पत्रा चढविलेला आहे. हें लांकूड ॲश जातीचें. क्रिकेटचे स्टंप ज्याचे करतात तेंच. तें लवचिक असतें, धक्का सोसतें. पण कर्जतचा पावसाळा त्याच्या कुंडलींत लिहिलेला नव्हता. पुरानें व वाळवीनें दारांखालचे तुकडे भुसा झाले होते. खालापूर तालुक्यांत बैलगाड्या करण्यांत हयात घालविलेले एक वृद्ध सुतार आम्हांला मिळाले. त्यांनीं हातोडीनें एकेक तुकडा वाजवून पाहिला व म्हटलें, “बारा मेले आहेत, बाकीचे जिते आहेत. जित्यांना कशाला काढायचें?” मुंबईच्या एका जाणत्यानें अख्खा पिंजरा इंग्लंडाहून नवा मागविण्याचा सल्ला दिला होता, तो आम्हीं त्या एका वाक्यावर सोडून दिला. बारा तुकडे सागवानाचे घातले. सागवान ॲशपेक्षां कमी लवतें, म्हणून सांधे किंचित् सैल ठेवून मध्यें चामड्याच्या पट्ट्या दिल्या. आणि प्रत्येक नव्या तुकड्याच्या आंतल्या बाजूस सुतारबाबांनीं पटाशीनें साल कोरलें. व्हेनिसची सनद त्यांनीं वाचलेली नव्हती.

दुसरी कसोटी बोल्टांची. या एंजिनाचे आटे मेट्रिक मापाचे आहेत, पण बोल्टांचीं डोकीं इंग्रजी व्हिटवर्थ पान्याच्या मापाचीं! याचें कारण मोठें मौजेचें आहे. मॉरिस यांनीं १९२३ सालीं कॉव्हेंट्री येथील हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कारखाना घेतला. तेथील यंत्रें फ्रेंच मापाचीं होतीं, आणि इंग्रज कारागिरांच्या पेटींतले पाने इंग्रजी मापाचे. दोघांनाही दुखवावयाचें नाहीं म्हणून हा तोडगा निघाला, आणि तो एम. जी. च्या एंजिनापर्यंत चालत आला. हें न जाणतां पूर्वीं एका कारखान्यांत कोणी इंची बोल्ट बळेंच आंत पिळले होते व दोन भोंकें नासलीं होतीं. तीं भरून पुन्हा मेट्रिक आटे पाडावे लागले. पुतण्याचें म्हणणें पडलें कीं आतां सगळेच बोल्ट आजच्या मापाचे करूं, म्हणजे कोणताही पाना चालेल. हा बदल रस्त्यावरच्या कोणाच्याही हिताचा नव्हता. फक्त आमच्या सोयीचा होता. आम्हीं त्याऐवजीं मुंबईच्या चोरबाजारांतून जुन्या पान्यांचा एक जुडगा आणला.

तिसरी कसोटी पेट्रोलची; आणि येथें मात्र जुना पक्ष आपण होऊन मागें हटला. ज्या पेट्रोलवर ही गाडी वाढली तें आज पृथ्वीवर उरलेलें नाहीं. शिसें घातलेलें पेट्रोल आपल्या देशांत २००० सालीं बंद झालें. शिशाचा थर झडपांच्या बैठकींना जपत असे, म्हणून त्या ठिकाणीं कठीण पोलादाचीं कडीं बसवावीं लागलीं. त्यापुढें २०२५ पर्यंत पेट्रोलांत वीस टक्के इथेनॉल मिसळण्याची योजना देशभर पुरी झाली. इथेनॉल हवेंतील ओल शोषून घेतें, आणि कर्जतच्या हवेंत ओलीला तोटा नाहीं. त्यामुळें टांकी आंतून गंजते. शिवाय जुन्या जातीचें रबर त्यानें फुगतें व भेगाळतें. जुळ्या कार्ब्युरेटरांत जेटभोंवतीं बुचाच्या चकत्या असतात. त्या नव्या पेट्रोलांत टिकत नाहींत व ठिबकूं लागतात. खालीं तापलेली नळी आणि वर ठिबकणारें पेट्रोल, हा मामला मौलिकतेचा नसून आगीचा आहे. म्हणून चकत्या, पेट्रोलचा पडदा व सर्व नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या द्रव्याच्या केल्या. बाहेरून पाहणाऱ्यास त्यांतलें कांहींच दिसत नाहीं. विजेच्या तारांचेंही तेंच: आंतली तार व तिचें वेष्टण आजचें, वर पूर्वींसारखी विणलेली सुती खोळ, आणि अधिक दोन फ्यूज.

मग ब्रेक. नानांनीं निक्षून सांगितलें होतें कीं ब्रेक अण्णांच्या वेळचे आहेत, ते तसेच राहतील. ते साफ केले, तेल घातलें, आणि वाड्याच्या आवारांत ते लागतही होते. गेल्या डिसेंबरांत एका सकाळीं पुतण्यानें दुरुस्तीनंतरची चांचणी म्हणून गाडी पळसदरीच्या वाटेनें नेली. शेजारच्या आसनावर नाना. ताशीं वीस मैलांचा वेग, म्हणजे बैलगाडीहून थोडा बरा. एका वळणावर शाळेला निघालेलीं पोरें रस्त्याच्या कडेनें चाललीं होतीं. त्यांतली एक सहा-सात वर्षांची मुलगी चेंडूमागें मध्यें धांवली. पुतण्यानें ब्रेक दाबला. गाडी थांबण्याऐवजीं उजवीकडे ओढली गेली, आडवी झाली, आणि त्या मुलीपासून दोन हातांवर उभी राहिली. डाव्या चाकाचें ब्रेकचें नळकांडें आंतून गंजून बसलें होतें. मुलगी चेंडू उचलून हंसत निघून गेली. तिला कांहीं कळलेंही नाहीं. नाना घरीं आले ते थेट ओटीवर जाऊन बसले. त्यांनीं दुपारचें जेवण घेतलें नाहीं. संध्याकाळीं त्यांनीं पुतण्याला हांक मारली व एवढेंच म्हटलें, “तुझी ती यादी आण पाहूं.”

यादी आली, आणि नवलाची गोष्ट अशी कीं त्या दिवशीं पुतण्यानेंच तिच्यांतला डिस्क ब्रेक खोडला. त्यानें हिशेब मांडून दाखविला. या गाडीचीं चाकें उंच व टायर अरुंद. जमिनीवरची पकड जितकी तितकाच ब्रेकचा उपयोग. मूळचे ड्रम ब्रेक नीट असले तर ते हीं चाकें जागच्या जागीं रोखूं शकतात. मग अधिक जोराचा ब्रेक लावून रबराची पकड वाढणार नाहीं. दोष जुन्या रचनेचा नव्हता, गंजाचा होता. म्हणून ड्रम तेच ठेवून नळकांड्यांना आंतून न गंजणाऱ्या पोलादाचें अस्तर दिलें, रबरी नळ्या व घांसपट्ट्या नव्या घातल्या, आणि ब्रेकचें तेल ठराविक मुदतीनें बदलावयाचें असा नियम केला. टायरही नवे आणले, पण मूळच्याच मापाचे. नवेपणा म्हणजेच सुरक्षितता हा समज जितका अपुरा, तितकाच जुनेपणा म्हणजेच अस्सलता हाही अपुरा, हें त्या दिवशीं दोन्ही पक्षांच्या एकदमच ध्यानांत आलें.

खरा धोका मागून होता. या गाडीला पाठीमागें दिवा एकच, तोही काजव्यासारखा. आणि वळण दाखवावयाचें तें हात बाहेर काढून. १९४८ सालीं ती हातवाऱ्यांची भाषा प्रत्येक गाडीवानाला येत होती. आज खोपोलीच्या रस्त्यावरून येणाऱ्या ट्रकवाल्याला आम्हीं हात केला तर तो आम्ही कोणाला तरी हांक मारीत आहों असें समजेल. जी भाषा ऐकणाराला कळत नाहीं ती कितीही शुद्ध असली तरी तिच्यानें निरोप पोंचत नाहीं. शिवाय एक दाखला कारखान्याचाच निघाला. १९४८ च्या अखेरीपासून अमेरिकेकरितां ज्या टी. सी. गाड्या पाठविल्या त्यांना कारखान्यानेंच दोन मागचे दिवे व वळणाचे उघडझांप करणारे दिवे बसवून दिले होते. मग नानांचीही हरकत उरली नाहीं. दिव्यांचीं घरें जुन्या घाटाचीं, आंत आजचे तेजस्वी एल. ई. डी.; तेही खास प्रकारचे मागवावे लागले, कारण या गाडीची वीज उलटी, म्हणजे धन बाजू सांगाड्याला जोडलेली आहे. सर्व दिवे पट्टीनें आंवळले आहेत. कोठेंही नवें भोंक पाडलेलें नाहीं.

यांतून आमचा एक नियम आपोआप तयार झाला. जेथें दुसऱ्याचा जीव गुंतला आहे तेथें नव्याला मान द्यावयाचा. जेथें केवळ आपली सोय गुंतली आहे तेथें जुन्याला. आणि नवें जें घालावयाचें तें काढून घेतां येईल असें घालावयाचें. या नियमानें पांच गिअरांची पेटी गेली, इलेक्ट्रॉनिक इग्निशन गेलें, विजेचा पंखाही गेला. अण्णांच्या वेळीं घाट चढतांना शिंग्रोबाच्या देवळापाशीं गाडी उकळत असे. अण्णा ती कडेला घेत, देवाला नमस्कार करीत, आणि पाणी निवेपर्यंत वाट पाहत. ज्या धनगरानें घाटाची वाट दाखविली म्हणून सांगतात त्याच्या दारीं अर्धी घटका थांबावें लागलें तर त्यांत आमचें काय बिघडतें?

शेवटचा वाद रंगाचा. नियमाला जो प्रश्न सुटेना तो हाच. कारण रंगांत कोणाचा जीवही नाहीं व कोणाची सोयही नाहीं. आमच्या आठवणींतली गाडी डाळिंबी. पण पत्रा घांसतांना डाळिंबी रंगाखालीं हिरवा लागला. कारखान्यांतून ती हिरवी आली होती. नाना व पुतण्या प्रथमच एका पक्षांत आले: गाडी हिरवीच व्हावयास हवी. रंगाचे नमुने आले, ते ओटीवर मांडले गेले, आणि कोणता हिरवा बरोबर यावर चर्चा सुरू झाली. काकू आंतून सुपारीचें तबक घेऊन आल्या. त्यांनीं नमुने पाहिले, तबक खालीं ठेवलें व म्हटलें, “बासष्ट सालीं मी याच गाडींतून कर्जत स्टेशनावरून या घरांत आलें. अण्णांनीं लग्नाच्या आधीं आठ दिवस ती माझ्यासाठीं डाळिंबी करून घेतली होती. नव्या सुनेला हिरव्या गाडींतून आणायचें नाहीं, शालूला शोभेल अशी गाडी हवी, म्हणाले. तुमच्यापैकीं कोणीही मला विचारलें नाहीं.” नाना कांहीं बोलले नाहींत. साठांहून अधिक वर्षें ज्या संसारांत रोज दोन वेळां पान वाढलें गेलें, त्याच्या आरंभाचा रंग आपण खरवडावयास निघालों होतों, हें त्यांच्या मुद्रेवर स्पष्ट दिसत होतें.

गाडी डाळिंबी झाली. मात्र समोरच्या फळीखालीं, जेथें हात घातल्याशिवाय दिसत नाहीं तेथें, तळहाताएवढा मूळ हिरवा पत्रा उघडा ठेवला आहे. एखाद्या स्पर्धेचा परीक्षक यासाठीं आमचे गुण कापील. त्याचा तो धर्म आहे. परंतु ॲबिंग्डनच्या कारखान्यांत ही गाडी कांहीं दिवसच होती, आणि आमच्या घरांत ती पाऊणशें वर्षें आहे. तिचें मूळ रूप कोणतें हें ठरवितांना कारखान्याला एक मत आहे, तर घराला निदान दोन असावींत.

हें सारें लिहिण्याचें कारण असें कीं, मोटार नसली तरी असला एखादा वाद प्रत्येक घरांत केव्हां ना केव्हां उभा राहतोच. कोणाकडे आजोबांचें लंबकाचें घड्याळ असतें, कोणाकडे आजीचें शिवणयंत्र, कोणाकडे उतरावें कीं डागडुजी करावी अशा विवंचनेंतला वाडाच असतो. वाचकांस व विशेषतः वाचक-भगिनींस आमची सूचना एवढीच कीं, ‘जुनें कीं नवें’ असा प्रश्न घालूं नये, कारण त्याला घरांतील प्रत्येक वयाचें उत्तर निराळें येणार. ‘हा बदल कोणासाठीं?’ असें विचारावें. बहुतेक वेळां उत्तर लगेच मिळतें. आणि जेथें मिळत नाहीं तेथें घरांत ज्यांना अजून कोणी विचारलेलें नाहीं त्यांना विचारावें.

आमच्या घरीं आतां या कामाची एक वही आहे. डाव्या पानावर काढलेला भाग, उजव्या पानावर घातलेला, तारीख, आणि शेवटच्या रकान्यांत ‘कोणासाठीं’. काढलेलें एकही टाकलेलें नाहीं. कुजक्या लांकडाचे बारा तुकडे, गंजलेलें नळकांडें, बुचाच्या चकत्या, अण्णांच्या हातचा तो फियाटचा कार्ब्युरेटर, सर्व कांहीं चिठ्ठ्या लावून माजघरांतल्या लांकडी कपाटांत ठेवलें आहे. पुढच्या पिढीला आमचा निवाडा चुकीचा वाटला तर तिनें तो खुशाल फिरवावा. कपाटाची किल्ली त्याच्याच शेजारच्या खुंटीला आहे.